बल्दिया ते महापालिका : परभणीचा नगरकारभार

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तहनामे आणि सनावळ्या उभ्या राहतात. ज्या गावास किल्ला नाही, ज्याच्या वेशीवर नाव घेण्याजोगी लढाई झाली नाही, त्या गावास इतिहासच नाही असा आपला समज असतो. आमच्या परभणीची गणना पुष्कळ दिवस अशाच गावांत होत आली. एका बाजूस पैठण, दुसऱ्या बाजूस नांदेड, जवळच औंढ्याचे नागनाथाचे देवालय. या थोरामोठ्यांच्या पंक्तीत परभणीने सांगावयाचे ते काय? प्रभावती देवीवरून प्रभावतीनगर व त्याचेच पुढे परभणी झाले, एवढी परंपरा सांगितली की सांगणाराही थांबतो आणि ऐकणाराही उठतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण तर जुन्या मंडळींच्या तोंडी सदैव असे. दैवाने हात दिला तर उत्तम, न दिला तर परभणी आहेच, असा तिचा सरळ अर्थ. पुष्कळांना या म्हणीत गावाचा उपहास दिसतो. मला तो दिसत नाही. ज्यास अन्यत्र थारा नाही त्यास सामावून घेणे हेच तर शहराचे पहिले लक्षण होय. परंतु सामावून घेतलेल्या माणसास प्यावयास पाणी, चालावयास रस्ता, सांडपाण्यास गटार आणि रात्री दिवा हे कोणी पुरवावे, व त्याचा पैसा कोणाच्या खिशातून यावा? परभणीचा खरा इतिहास या प्रश्नात आहे, आणि आज मी त्याच इतिहासाविषयी बोलणार आहे.

श्रोतेहो, मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता हे आपण सर्व जाणतो. पण या एका गोष्टीने आपल्या नगरकारभारावर कोणता ठसा उमटला याचा विचार सहसा होत नाही. सर सालारजंग यांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली आणि जिल्ह्यावर ‘अव्वल तालुकदार’ नावाचा अधिकारी नेमला. आजच्या जिल्हाधिकाऱ्याचा तो पूर्वज. पुढे शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा स्थानिक कर बसला आणि त्या पैशातून रस्ते, दवाखाने, मदरसे व गावसफाई चालावी असे ठरले. जिल्ह्याच्या मंडळाचे अध्यक्षपद अव्वल तालुकदाराकडे, तालुक्याच्या मंडळाचे तहसीलदाराकडे. परभणीच्या म्युनिसिपालिटीवर देखरेखही याच जिल्हा मंडळाची. सभासद असत, परंतु ते नेमलेले. आमच्या घरातील वडीलमंडळी म्युनिसिपालिटीस ‘बल्दिया’ म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा स्वर कचेरीविषयी बोलावयाचा तसाच असे. बांधकामखाते म्हणजे तामीरात, पाटबंधारे म्हणजे आबपाशी, आणि बल्दिया म्हणजे त्यांच्याच रांगेतील आणखी एक सरकारी खाते. दिवाबत्ती व झाडलोट याहून अधिक तिच्याकडून कोणी अपेक्षिले नाही, आणि तिनेही सहसा दिले नाही.

याच काळात इंग्रजी अमलाखालील पुण्यात काय चालले होते ते पाहा. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. त्यानंतर निवडून आलेल्या सभासदांची संख्या वाढत गेली. नामदार गोखले हे विसाव्या शतकाच्या आरंभी पुणे म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष होते. राज्याच्या मोठ्या सभेत जाण्यापूर्वी माणसे गटाराच्या व पाणीपट्टीच्या वादात तयार होत. रिपनसाहेबांच्या ठरावाची हद्द निजामाच्या सरहद्दीशी संपत होती. येथे माणसे तयार झाली ती आर्यसमाजात, ग्रंथालयात, महाराष्ट्र परिषदेत आणि अखेर मुक्तिसंग्रामात. त्यांच्या त्यागाची थोरवी गाऊ तेवढी थोडी. पण सरकारशी लढण्याचे शिक्षण निराळे आणि आपल्याच पेठेतील घरपट्टी ठरविण्याचे शिक्षण निराळे. पहिले आम्हांस भरपूर मिळाले. दुसऱ्याचा वर्ग आमच्याकडे पाऊणशे वर्षे उशिरा भरला.

१९०१ च्या शिरगणतीत परभणी गावाची वस्ती अवघी ९,९५८ होती. दहा हजारांचा आकडासुद्धा पुरता भरला नव्हता. आणि नेमक्या त्याच सुमारास गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड ते सिकंदराबाद असा मीटरगेजचा लोहमार्ग सुरू झाला. गाव वाढविणारी पहिली शक्ती ही. काळ्या जमिनीतील कापूस पूर्वी बैलगाड्यांनी कोठकोठे जाई. आता तो स्टेशनवर येऊ लागला, आणि स्टेशनाजवळ सरकी काढण्याचे कारखाने उभे राहिले. व्यापारी आले, हमाल आले, मोंढा वाढला. पुढे परळीकडे फाटा फुटला व परभणी जंक्शन झाली. आगगाडी आणण्याचे काम बल्दियाने केले नव्हते. कापसाचा भाव तिच्या हाती नव्हता. गाव वाढे ते बाहेरच्या कारणाने, आणि वाढलेल्या गावामागून म्युनिसिपालिटी कंदील घेऊन चालत येई. हा क्रम तेव्हापासून आजवर फारसा मोडलेला नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली व निजामी राजवट संपली. हैदराबाद राज्यात १९५१ मध्ये शहर समित्यांचा आणि १९५६ मध्ये जिल्हा म्युनिसिपालिट्यांचा कायदा झाला. प्रौढ मताधिकार आला. नेमलेल्या सभासदांच्या जागी निवडलेले बसू लागले. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्रात आला. नंतर १९६५ चा महाराष्ट्र नगरपालिका कायदा सर्व विभागांस सारखाच लागू झाला. चौदा-पंधरा वर्षांत तीन राज्ये आणि तीन कायदे! कारकुनाने उर्दूतून मराठीत दप्तर आणावे तो कायदा बदलावा, असा तो काळ होता.

१९६१ साली वस्ती सुमारे ३७ हजार होती. १९७१ साली ६१ हजार झाली. आणि १९८१ साली १ लाख ९ हजार! दहा वर्षांत जवळजवळ पाऊणपट वाढ. ही वाढ कशाने झाली? पहिले कारण कृषी विद्यापीठ. निजामी अमदानीत १९१८ मध्ये येथे शेतीचे प्रयोगक्षेत्र निघाले होते, १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय झाले, आणि लोकांच्या चळवळीनंतर १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीत स्थापन झाले. दुसरे कारण पाटाचे पाणी. जायकवाडीच्या नाथसागराची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी बसविली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यात येतो. कालव्याबरोबर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर नोकरदार. तिसरे कारण दुष्काळ. १९७२ च्या दुष्काळाने खेड्यातील पुष्कळ हातांना शहराची वाट दाखविली आणि त्यातले सगळेच काही परत गेले नाहीत. विद्यापीठाने काढलेल्या ‘परभणी क्रांती’ या भेंडीच्या वाणाने गावाचे नाव देशभर नेले. जे काम कोणत्याही नगराध्यक्षास साधले नव्हते ते एका भाजीने केले, असे मी वर्गात विनोदाने म्हणत असे.

आता ही लाखभर माणसे राहिली कोठे? नानलपेठ, गुजरी बाजार ही जुनी वस्ती केव्हाच भरली होती. वसमत रस्ता, जिंतूर रस्ता, गंगाखेड रस्ता यांच्या दोन्ही बाजूंची शेते गुंठ्यागुंठ्यांनी विकली गेली. शेतकऱ्यास मुलीच्या लग्नास पैसा हवा, मास्तरास किंवा कारकुनास घरास जागा हवी. दोघांची गरज खरी आणि दोघांचा व्यवहार कागदावर. मोजणी, रस्त्याची रुंदी, गटाराचा उतार, या गोष्टी त्या कागदात नसत. आधी घर, मग वीज, मग रस्त्याची मागणी, आणि सर्वांत शेवटी नगरपालिकेची परवानगी, असा तो उलटा क्रम. पुढे २००१ मध्ये राज्याने गुंठेवारीचा कायदा करून अशा वसाहती नियमित करण्याची वाट काढली. त्यात आमची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात फाटते. मुरुमाचा चांगला थर दिल्यावाचून तिच्यावर केलेला रस्ता एका पावसाळ्यात बसतो आणि तिच्यात पुरलेली नळी सांध्यातून निखळते. कापसाला जी माता, ती रस्त्याला वैरीण. परभणीचे रस्ते खराब का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. उरलेले अर्धे ठेक्याच्या कागदात शोधावे लागेल, पण तो माझा प्रांत नव्हे.

पाण्याची कथा मात्र थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. पूर्वी गावाची तहान आड-विहिरींवर भागे. पुढे वसमत रस्त्यावर राहाटी येथे पूर्णा नदीवर बंधारा घालून तेथून गावास नळाचे पाणी मिळू लागले. याच पूर्णेवर वर जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण आहे; ते १९६८ मध्ये पुरे झाले आणि त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८०९ दशलक्ष घनमीटर. त्याखाली सिद्धेश्वर. या दोन धरणांचा हेतू मुख्यतः शेतीचे सिंचन व येलदरीस थोडी वीज. शहराची तहान हा त्यांतला नंतर आलेला पाहुणा. उन्हाळ्यात राहाटीचा बंधारा कोरडा पडू लागला की परभणीने मागणी करावयाची, जिल्हा कचेरीने होकार द्यावयाचा, पाटबंधारे खात्याने पाणी सोडावयाचे, आणि ते पाणी नदीच्या पात्रातून वाहत राहाटीस यावयाचे. वाटेत तापलेली वाळू आपला वाटा घेई, सूर्य आपला घेई, आणि काठावरची पंप-मोटारही उपाशी राहत नसे. सोडलेले किती आणि पोहोचलेले किती, यांतील अंतर हीच परभणीकराची उन्हाळ्याची चिंता. दोन नळांच्या पाण्यांत आठ-आठ, दहा-दहा दिवस जात, आणि घरोघरी पिंपे, हौद, टाक्या यांची रांग लागे. ज्याच्या घरी टाकी मोठी त्याच्या घरी पाणी अधिक. म्हणजे सार्वजनिक नळाचे पाणीसुद्धा अखेर ऐपतीप्रमाणेच वाटले गेले. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा परभणीकर ती बातमी परक्याची म्हणून वाचत नव्हता.

यावर उपाय निघाला तो थेट येलदरीहून बंद नळाने पाणी आणण्याचा. केंद्र सरकारने २००५ च्या अखेरीस लहान व मध्यम शहरांसाठी जी योजना काढली तिच्यातून हे काम हाती घेतले गेले. पन्नासाहून अधिक किलोमीटरांची नळवाहिनी, जिंतूर रस्त्यावर धर्मापुरी येथे शुद्धीकरण केंद्र, गावात नव्या टाक्या. काम रखडत रखडत दीड दशकाने, २०२० च्या सुमारास, पाणी मिळण्याच्या अवस्थेस आले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाणी जिल्ह्यातले, तहान गावाची. पण योजना दिल्लीची आणि मंजुरी मुंबईची.

मी शिक्षकी करीत असताना नागरिकशास्त्राच्या तासास मुलांना एक प्रश्न हमखास विचारीत असे : “तुमच्या घरच्या नळाला पाणी कोण देते?” वर्षे बदलली, मुले बदलली, उत्तर बदलले नाही. “सरकार!” क्वचित एखादा मुलगा म्हणे, “नगरपालिका.” त्यास मी पुढचा प्रश्न करी, “आणि नगरपालिका म्हणजे कोण?” तो म्हणे, “ती कचेरी.” ‘आम्ही’ असे उत्तर मला एकदाही मिळाले नाही. मुलांचा काय दोष? त्यांनी घरी जे ऐकले तेच सांगितले.

मात्र हा केवळ समजुतीचा प्रश्न नव्हे. त्याच्या मुळाशी पैसा आहे. महाराष्ट्रातील नगरपालिकांचे मोठे उत्पन्न म्हणजे जकात. नाक्यावर गाडी अडवून मालावर कर घ्यावयाचा ही पद्धत कोणालाच प्रिय नव्हती. तीत वेळ जाई आणि लाचलुचपतही चाले. १९९९ मध्ये सरकारने नगरपालिकांची जकात बंद केली व तिच्या बदल्यात अनुदान देऊ केले. नाके उठले, ट्रकवाले सुखी झाले. पण दुसरी बाजू पाहा. जकात वाईट होती, तरी ती गावाची होती. मोंढ्यात माल वाढला की तिजोरीत भर पडे. अनुदान चांगले असले तरी ते मागावे लागते. पुढे महापालिकांसाठी स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी राज्यभर त्यास कडाडून विरोध केला, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून मोकळीक मिळाली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तोही विषय संपला. उरली मुख्यतः घरपट्टी व पाणीपट्टी. ती वाढवावी तर निवडून येणे कठीण. न वाढवावी तर कर्मचाऱ्यांचे पगार व वीजबिल भागविणे कठीण. आणि पाणी दहा दिवसांनी येते म्हणून पट्टी भरावयाची नाही, पट्टी येत नाही म्हणून पाणी दहा दिवसांनी, हे रहाटगाडगे कोणी प्रथम फिरविले याचा निवाडा करण्यास कोणी तयार नाही.

पैसा ज्याचा, कारभार त्याचा, हे सूत्र दुसरीकडे कसे चालले ते पाहण्यासाठी क्षणभर सातासमुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेतील ओहायो संस्थानात डेटन नावाचे शहर आहे. राइट बंधूंचे हे गाव. १९१० साली त्याची वस्ती सुमारे १ लाख १६ हजार, म्हणजे १९८१ च्या परभणीहून किंचित जास्त. आमची व्यथा पाणी नाही ही, त्यांची व्यथा पाणी फार ही. १९१३ च्या मार्चमध्ये मियामी नदीस पूर आला, भर बाजारपेठ बुडाली, आणि त्या खोऱ्यात शेकडो माणसे दगावली. पुरानंतर तेथील नागरिकांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, स्वतःची सनद बदलली. पाच जणांचे निवडलेले मंडळ असावे व त्या मंडळाने एक जाणता व्यवस्थापक पगारावर नेमावा असे ठरले. सिनसिनाटीचे मुख्य अभियंता हेन्री वेट यांस त्यांनी १९१४ मध्ये त्या जागेवर आणले. नेमणारे तेच आणि काढणारेही तेच. दुसरी गोष्ट, पूर अडविण्याचा पैसा त्यांनी वॉशिंग्टनकडे मागितला नाही. आधी वर्गणीने वीस लक्ष डॉलर जमविले. मग ज्या ज्या मालमत्तेस लाभ होणार तिच्यावर आकारणी बसवून कर्जरोखे काढले, आणि आर्थर मॉर्गन या अभियंत्याच्या देखरेखीखाली १९२२ पर्यंत पाच धरणे बांधून पुरी केली. ती बारमाही साठ्याची नव्हेत. पूर आला की तेवढ्यापुरते पाणी धरून ठेवावयाचे व हळूहळू सोडून द्यावयाचे.

हे ऐकून कोणी म्हणेल, मास्तर, ते गाव कारखान्यांचे, धनिकांचे. आमचे कापसाचे व कोरडवाहूचे. आक्षेप रास्त आहे. रोख पैसे मोजण्याची यंत्रे जगभर विकणाऱ्या गावाची तुलना पावसाकडे डोळे लावणाऱ्या गावाशी करता येत नाही. शिवाय संपत्तीही कोणाच्या दारी कायम बसत नाही. डेटनची वस्ती १९६० मध्ये २ लाख ६२ हजारांवर गेली होती. कारखाने गेले, माणसे उपनगरांकडे गेली, आणि २०१० च्या गणनेत ती १ लाख ४१ हजार उरली. त्याच वेळच्या, म्हणजे २०११ च्या, गणनेत परभणी ३ लाख ७ हजार! वस्तीत आम्ही त्यांच्या दुप्पट झालो. तेव्हा मला त्यांची श्रीमंती सांगावयाची नाही. व्यवस्थापक पगारावर नेमण्याचा हक्क त्यांनी आपल्याकडे ठेवला, एवढीच बाब मला येथे तोलून पाहावयाची आहे.

३ लाखांची रेषा ओलांडली म्हणून १ नोव्हेंबर २०११ रोजी परभणी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. वर्ग ‘ड’ असला तरी नाव मोठे. नगराध्यक्षाचा महापौर झाला, मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आला, सभागृहात ६५ जागा झाल्या. आयुक्त राज्य सरकार पाठविते. त्यास परत बोलवावे असा ठराव मोठ्या बहुमताने करण्याची सोय कायद्यात आहे. त्यास निवडण्याची नाही. चांगला आयुक्त लाभतो तेव्हा गावाचे दैव उघडते. पण त्याची बदली झाली की नाला-रुंदीकरणाची निम्मी फाईल कपाटात जाते, आणि नवा माणूस आरंभापासून गाव शिकू लागतो. तरीही १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक मोठे काम केले हे मान्य केले पाहिजे : निवडणुका नियमाने व्हाव्यात, सभागृहात स्त्रियांस निदान एकतृतीयांश जागा असाव्यात, हे तिने घटनेतच लिहिले; पुढे महाराष्ट्राने ते प्रमाण निम्म्यावर नेले. ज्या घरांत पाण्याची रांग कायम स्त्रियांच्याच वाट्यास आली, त्या घरांतील स्त्रिया पाणीपुरवठ्याच्या ठरावावर बोलू लागल्या. अव्वल तालुकदाराच्या बल्दियात हे दृश्य कल्पनेतही आले नसते.

२०१२ मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि २०१७ मध्ये दुसरी. त्या दुसऱ्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली. नंतरची निवडणूक आरक्षणाच्या व प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादात, राज्यातील इतर महापालिकांप्रमाणेच, काही वर्षे लांबली, आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक म्हणजे आयुक्तच. त्या वर्षांत प्रस्ताव प्रशासनाच्या नावाने तयार होई, महासभेच्या नावाने मंजूर होई आणि आयुक्तांच्या नावाने अमलात येई. तिन्ही ठिकाणी सही एकाच हाताची. अव्वल तालुकदाराच्या काळी निदान चार नेमलेले सभासद तरी टेबलाभोवती बसत.